शाळेचे दार आणि घरचा दिवा

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



संस्थेने मला विषय दिला आहे, 'कॉलेजकडे नेणारी शाळा'. या विषयावर उपदेशाची चार वाक्ये बोलून खाली बसणे सोपे आहे. परंतु उपदेश आपण पुष्कळ ऐकला. आज मी तुम्हाला एका शाळेची हकीकत सांगणार आहे. ही शाळा आपल्या गावची नाही, आपल्या समाजाची नाही. ती मुंबईची आहे आणि सरकारी आहे. तरी तिच्या हकीकतीत आपल्यासाठी पुष्कळ काही आहे असे मला वाटते. जे पालक आज सभेला येऊ शकले नाहीत आणि हे भाषण स्मरणिकेतून वाचतील, त्यांनीही हे आपल्याशीच चाललेले बोलणे आहे असे समजावे.

मिरजेहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघालेला माणूस सकाळी मुंबईच्या मोठ्या स्टेशनवर उतरतो. आज त्या स्टेशनला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणतात. आमची पिढी अजून सवयीने बोरीबंदरच म्हणते. तेथून महापालिकेच्या इमारतीला वळसा घालून धोबी तलावाकडे चालू लागले, की कामा हॉस्पिटल आणि सेंट झेवियर कॉलेज यांच्या ओळीत एक जुनी, दगडी, भव्य इमारत दिसते. हीच ती एल्फिन्स्टन हायस्कूलची इमारत. आज तेथे सरकारी तांत्रिक विद्यालय आहे.

या शाळेचे मूळ कोठे आहे ते पहा. १८२७ साली मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन विलायतेस परत निघाले. तेव्हा मुंबईच्या प्रतिष्ठित नागरिकांनी त्यांच्या स्मरणार्थ निधी जमवला. तो दोन लाख रुपयांच्या वर गेला. त्या काळचे दोन लाख म्हणजे केवढी रक्कम, याची कल्पना करा! या पैशाचा पुतळा करून थांबावे असे त्यांनी ठरवले नाही. इंग्रजी भाषा आणि पश्चिमेकडील शास्त्रे शिकवणारे अध्यापक आणावेत, असे ठरवले. त्यातून एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन उभी राहिली. १८५६ साली तिचे कॉलेज वेगळे झाले आणि हायस्कूल वेगळे. पुढच्याच वर्षी, १८५७ साली, मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. विद्यापीठाच्या मॅट्रिकची परीक्षा द्यायची आणि कॉलेजात पाऊल टाकायचे, त्यासाठी मुलाची तयारी करून घेणारी शाळा म्हणून एल्फिन्स्टन हायस्कूलचा लौकिक झाला. पुढे या हायस्कूलच्या इमारतीसाठी सर आल्बर्ट ससून या ज्यू व्यापाऱ्याने मोठी देणगी दिली. म्हणजे जिला आपण सरकारी शाळा म्हणतो, तिच्या पायात पारशी, हिंदू, मुसलमान, ज्यू अशा सर्वांच्या शहराचा पैसा आहे. सरकारी याचा अर्थ परकी असा नव्हे. सरकारी म्हणजे आपली सर्वांची.

आता या शाळेच्या विद्यार्थ्यांकडे वळू. निफाडला जन्मलेला आणि कोल्हापुरात वाढलेला एक मुलगा १८५६ साली येथे शिकायला आला. ते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. १८५९ साली विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. त्यात जे मोजके विद्यार्थी पास झाले, त्यांत ते होते. त्याच सुमारास आणखी एक मुलगा या संस्थेत शिकत होता. त्याने आधी मदरशात उर्दू आणि फारसीचे धडे घेतले होते. मग तो एल्फिन्स्टनमध्ये आला, १८६० साली विलायतेस गेला आणि १८६७ साली बॅरिस्टर होऊन परतला. ते बद्रुद्दीन तय्यबजी. पुढे मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश आणि १८८७ साली मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झालेले हेच ते.

पालकहो, येथे एक गोष्ट लक्षात घ्या. मदरशात शिकलेले मूल इंग्रजी शाळेत चालणार नाही, उर्दूतून शिकलेले मूल पुढे अडखळणारच, असे आपण फार सहज म्हणतो. तय्यबजींचे अडले नाही. पाया कोणत्या भाषेत घातला यापेक्षा तो पक्का घातला की नाही, याला महत्त्व आहे. फक्त एका भाषेतून दुसरीकडे जाताना मुलाला वर्ष-सहा महिने कोणीतरी हाताला धरून न्यावे लागते.

आता ज्यांच्यासाठी मी मुख्यतः ही हकीकत सांगायला घेतली त्या विद्यार्थ्याकडे येतो. तो मुलगा आपल्याच भागातून मुंबईला गेला होता. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलमध्ये त्याचे नाव दाखल झाले. महाराष्ट्रात हा दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. १९०१ साली हाच मुलगा भावंडांसह वडिलांना भेटायला निघाला आणि मसूर स्टेशनवर उतरला. मिरजेहून पुण्याला जाताना आपली गाडी मसूरवरून जाते. पुढच्या वेळी जाल तेव्हा त्या स्टेशनची पाटी जरूर पहा. मुलांची जात कळताच गाडीवानांनी त्यांना गाडी द्यायचे नाकारले. अखेर दुप्पट भाडे घेऊन एकजण तयार झाला, तोही गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर. घोटभर पाण्यावाचून त्या लेकरांनी रात्र काढली. ते मूल म्हणजे डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर.

पुढे वडील सुभेदार रामजी मुलांना घेऊन मुंबईस आले. परळच्या चाळीत एक खोली. त्याच खोलीत स्वयंपाक, तेथेच झोपणे, तेथेच अभ्यास. प्रथम मराठा हायस्कूलमध्ये आणि मग एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये भीमरावांचे नाव घातले गेले. मुंबई इलाख्यातील नामांकित सरकारी शाळा! दार उघडे होते. नियमाने कोणाला मज्जाव नव्हता. पण दाराच्या आत काय होते? शिक्षकांनी एकदा भीमरावांना गणित सोडवण्यासाठी फळ्यापाशी बोलावले. फळ्यामागे मुलांचे डबे ठेवलेले असत. भीमराव उठताच वर्गातील मुले धावली आणि त्यांचा स्पर्श होण्याआधी डबे बाजूला काढू लागली. संस्कृत शिकायची त्यांना फार इच्छा होती, तीही पुरी होऊ शकली नाही. तेव्हा त्यांनी दुसरी भाषा म्हणून फारसी घेतली. आपल्या वाडवडिलांच्या कागदपत्रांची ती भाषा. ज्या भाषेला आपण 'आपली' म्हणून ट्रंकेत कुलूप लावून ठेवले, ती त्या मुलाने शाळेच्या बाकावर बसून आपलीशी केली. विद्या कोणाच्या वतनाची नसते, हे सांगायला याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले. विद्यार्थी मित्रांनो, हा आकडा मुद्दाम सांगतो. नव्वद टक्के पडले नाहीत म्हणून घरात सुतक पाळणाऱ्या पालकांनीही तो ऐकावा. जगातील नामांकित विद्यापीठांच्या पदव्या मिळवणाऱ्या आणि देशाच्या राज्यघटनेचा मसुदा तयार करणाऱ्या माणसाला मॅट्रिकला चाळीस टक्केही नव्हते.

आता माझा मुख्य मुद्दा. हे यश कोणाचे? शाळेचे, हे खरे. मुलाच्या बुद्धीचे आणि कष्टांचे, हे तर आहेच. पण आणखी कोणाचे? सुभेदार रामजींनी त्या एका खोलीत मुलाला लवकर निजवले आणि रात्री दोन वाजता, चाळ शांत असताना, दिवा लावून अभ्यासाला उठवले. पुस्तकांना पैसे नसत तेव्हा लग्न झालेल्या लेकींकडे जाऊन त्यांचे दागिने मागून आणले, गहाण ठेवले आणि पुस्तके घेतली. दोघांच्या शिक्षणाचा खर्च झेपेना तेव्हा थोरल्या भावाने शिक्षण सोडून नोकरी धरली. चर्नी रोडच्या बागेत हा मुलगा रोज पुस्तक घेऊन बसतो, हे कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकाने पाहिले, चौकशी केली आणि त्याला पुस्तके दिली. मॅट्रिक झाल्यावर सत्काराची सभा झाली, तेव्हा केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. पुढे कॉलेजचा खर्च झेपेना तेव्हा याच केळुसकरांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांपर्यंत त्याला नेले आणि महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली.

मोजा बरे! एक बाप, विवाहित बहिणी, एक भाऊ, जातीपातीचा संबंध नसलेला एक शिक्षक आणि एक राजा. एवढ्यांनी हात लावला तेव्हा उघड्या दारातून एक मुलगा आत गेला आणि पदवी घेऊन बाहेर पडला. शाळेचे दार सरकार उघडते. घरचा दिवा मात्र आपणच लावायचा असतो.

हे मी पुस्तकातले पांडित्य म्हणून सांगत नाही, थोडे माझेही सांगतो. माझे वडील आपल्या गावात वाद्यांच्या कारखान्यात भोपळे तासण्याचे काम करीत. अकरावी मॅट्रिक पास झाल्यावर मला कॉलेजची ओढ लागली. मुंबईला मामा होते. त्या वेळी आपल्याकडे मीटर गेज होती, पुण्याला उतरून मुंबईची गाडी धरावी लागे. डोक्यावर ट्रंक आणि खिशात गुणपत्रिका घेऊन मी एका कॉलेजच्या खिडकीपुढे उभा राहिलो. कारकुनाने कागद पाहिले आणि म्हणाला, 'दाखला कुठे आहे? मुदत काल संपली.' असा दाखला लागतो हे मला कोणी सांगितले नव्हते, कारण आमच्या घरातून त्या खिडकीपुढे याआधी कोणी उभे राहिलेच नव्हते. मी परत आलो. पूर्ण एक वर्ष वडिलांशेजारी बसून भोपळे तासले. दुसऱ्या वर्षी माझ्या हायस्कूलच्या मास्तरांनी स्वतःच्या हाताने माझा अर्ज भरला, दाखला काढून दिला आणि गाडीत बसवायला स्टेशनवर आले. तेवढ्यावर माझे आयुष्य बदलले. माझ्यापेक्षा हुशार दोन मित्र होते. त्यांच्यासाठी स्टेशनवर कोणी आले नाही. ते मागेच राहिले. त्यांची आठवण मला आजही स्वस्थ बसू देत नाही.

म्हणून मी म्हणतो की फक्त शाळा असून भागत नाही. सच्चर समितीने २००६ साली अहवाल दिला. देशातील नामांकित कॉलेजांत पदवीच्या वर्गात पंचवीस विद्यार्थ्यांमागे एक मुसलमान आढळतो आणि पदव्युत्तर वर्गात पन्नासांमागे एक, असे त्यात नमूद आहे. दूर कशाला जाता? आपल्याच मिरजेत १९६२ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. कोठकोठल्या जिल्ह्यांतून मुले-मुली तेथे डॉक्टर व्हायला येतात. आपल्या मोहल्ल्यातून तेथे चालत जायला फार वेळ लागत नाही. पण आजारी म्हणून किती गेलो आणि विद्यार्थी म्हणून किती गेलो, याचा हिशेब प्रत्येकाने मनाशी करावा.

आपल्या भागातील थोरांना हे फार आधी कळले होते. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे काढली. १९०६ साली त्यांनी मुसलमान पुढाऱ्यांना बोलावून मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि मुलांच्या राहण्याची सोय केली. दसरा चौकातील मुस्लिम बोर्डिंग आजही त्याची साक्ष देते. महाराजांना ठाऊक होते की हायस्कूल गावात आहे, पण खेड्यातले पोर रात्री निजणार कोठे आणि जेवणार काय, हा खरा प्रश्न आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनीही तेच ओळखले. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था सुरू झाली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह. सर्व जातिधर्मांची मुले तेथे एका पंगतीत जेवली. वसतिगृहात धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिले. सुभेदारांच्या लेकींचे दागिने आणि लक्ष्मीबाईंचे दागिने, महाराष्ट्राचे शिक्षण या सोन्यावर उभे आहे. आपल्या लग्नांतील रोषणाई, बँड आणि जेवणावळींचा खर्च डोळ्यांसमोर आणा आणि मग आपणच ठरवा.

आणि तय्यबजी? त्यांनी सरकारी शाळेतून स्वतःचे भले करून घेतले आणि घरी बसले असे झाले नाही. १८७४ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली. तिची शाळा १८८० साली लहान प्रमाणात सुरू झाली. १८९३ साली बोरीबंदर स्टेशनसमोर तिची देखणी इमारत उभी राहिली. एल्फिन्स्टनची इमारत आणि अंजुमनची इमारत यांत चालत जाण्याएवढेच अंतर आहे. मला हे अंतर फार बोलके वाटते. एका शाळेने माणूस घडवला आणि त्या माणसाने दुसऱ्यांसाठी शाळा उभी केली. जो आत गेला त्याने मागच्यासाठी दार धरून ठेवायचे असते.

आता मुलींविषयी. मी शिक्षक असताना नववीतल्या एका मुलीचे वडील दाखला काढायला आले. मुलगी वर्गात पहिली होती. मी कारण विचारले. ते म्हणाले, 'हायस्कूल लांब आहे, जाताना चौक लागतो. लोक बोलतात.' मी म्हटले, 'लोक तिची फी भरतात का?' ते गप्प बसले. मग शाळेतल्या एका शिक्षिकेने त्याच रस्त्याने येणाऱ्या पाच मुली एकत्र केल्या. पाचजणी मिळून येऊ-जाऊ लागल्या. दाखला काढायला आलेला बाप दोन वर्षांनी पेढे घेऊन आला. अडचण खरी होती, हे मी नाकारत नाही. पण पाच मुलींनी बरोबर चालणे, एवढाच तिच्यावरचा उपाय होता.

पालकहो, आज दारे पूर्वीपेक्षा अधिक आहेत, पण खिडकीवरचा कारकून बदलला आहे. २०२५ सालापासून राज्यभर अकरावीचे प्रवेश संगणकावरून होऊ लागले. मुदत चुकली किंवा पसंतीक्रम चुकीचा भरला, तर संगणक कारकुनापेक्षाही कठोर असतो. आठवीत असताना राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि मूल सरकारी, नगरपालिकेच्या अथवा अनुदानित शाळेत असेल, तर त्याला बसता येते. निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला बारा हजार रुपये मिळतात. पलूसला जवाहर नवोदय विद्यालय आहे. सहावीत प्रवेश असतो, त्यासाठी पाचवीत असतानाच परीक्षा द्यावी लागते. राहणे, जेवणे तेथेच. निदान तीन चतुर्थांश जागा ग्रामीण भागातील मुलांसाठी आणि निदान एक तृतीयांश मुलींसाठी राखीव असतात. तालुक्यातील खेड्यापाड्यांतून आलेल्या पालकांनी हे घरी जाऊन शेजाऱ्यालाही सांगावे.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांकडे माझे एक मागणे आहे. दहावीचा निकाल लागला की पुढचे पंधरा दिवस या सभागृहात एक टेबल मांडा. त्यावर संगणक असावा आणि शेजारी आपल्यातील दोन शिकलेली मुले बसावीत. कोणते दाखले लागतात, अर्ज कसा भरायचा, मुदत कधी संपते, एवढेच त्यांनी सांगावे. याला देणगी लागत नाही, वेळ लागतो. केळुसकर मास्तरांनी वेळच दिला होता. आणि आजवर संस्थेच्या मदतीने जे शिकले, त्यांनी वर्षाला एका मुलाचा अर्ज भरून द्यावा.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटी तुमच्याशी चार शब्द. आपल्या गावच्या सतारीला जग नावाजते. ती कशी होते, ते तुम्ही लहानपणापासून पाहता. पंढरपूरकडून भोपळा येतो, तो चांगला वाळू द्यावा लागतो. घाईने घेतलेला ओला भोपळा पुढे तडकतो. सगळे जोडून झाले, तारा चढल्या, तरी कारागीर घोडीवर बसून तासन्‌तास जवारी काढतो, तेव्हा कोठे सूर बोलू लागतो. आठवी ते बारावी ही तुमची वाळण्याची आणि जवारीची वर्षे आहेत. सातवीनंतर घाईने दुकानावर, गॅरेजवर बसलात, तर चार पैसे लवकर मिळतील, यात शंका नाही. पण भोपळा ओलाच राहील. हातातील कसब टाकून द्या असे मी म्हणत नाही. माझ्या वडिलांच्या कसबाचा मला अभिमान आहे. कसब ठेवा आणि त्याला विद्येची जोड द्या.

आणि वर्गात कोणी तुमचा डबा बाजूला सरकवला, नावावरून कोणी काही बोलले, तर वाईट वाटेल. वाटू द्या. पण वर्ग सोडू नका. फळ्यापाशी जायला निघालेला तो परळच्या चाळीतला मुलगा आठवा. त्याने शाळा सोडली असती तर डबे जागच्या जागी राहिले असते आणि देशाचे केवढे नुकसान झाले असते!

आज रात्री घरी गेल्यावर प्रत्येक पालकाने एक गोष्ट करावी. टीव्ही बंद करावा, मोबाइल बाजूला ठेवावा आणि मुलाला विचारावे, 'तुला पुढे काय शिकायचे आहे?' उत्तर काय येईल ते येवो. विचारले, म्हणजे दिवा लागला असे समजा.